पेन्सिलीतला खुबा

आधी पेन्सिल, मग हाड, मग शाई. आमच्या कामाचा हा नियम होता, आणि तो ज्यांनी घालून दिला त्यांच्यापुढे अपवाद मागायची सोय नव्हती. जर्मन शब्दाला इंग्रजी शब्द सुचला की तो वहीत पेन्सिलने लिहायचा. मग पत्र्याच्या ट्रंकेतून ते हाड काढून हातात घ्यायचं, फिरवायचं, लिहिलेला शब्द त्याला लागू पडतो का ते बोटांनी तपासायचं. पडला तर शाई. नाही तर खोडरबर आहेच.

हे काम मी रेवसच्या वाटेवरल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत केलं, स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत. माझ्या वयाच्या बायका भात लावत होत्या, झोडत होत्या, आणि मी जर्मन हाडं इंग्रजीत घालत होते. भात मीही लावलं, पण ते कोणाला सांगायला लागत नाही. हाडांचं सांगितलं की नाती हसतात, आजी काहीतरी रचते म्हणतात. वही तर हाताशी नाही. ती मुंबईच्या तरुण डॉक्टरांकडे गेली, पुढे कोणी वाचली की तिच्यावर चहाचे कप ठेवले, देव जाणे. म्हणून हे लिहिते.

माझे वडील मुंबईत एका जर्मन डॉक्टरांकडे आचारी होते. हे डॉक्टर हाडांचे, त्यातही लहान मुलांच्या हाडांचे. लढाई पेटायच्या आधी त्यांना आणि त्यांच्या बायकोला ज्यू म्हणून आपला देश सोडावा लागला होता. सामान थोडंच आणता आलं; त्यात भांडी कमी आणि वह्या जास्त, आणि ती एक ट्रंक. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मडमेला मूलबाळ नव्हतं. तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून आधी डब्यांवरची जर्मन नावं वाचायला शिकवली, मग पुस्तकं, आणि शाळेतही तिनेच घातलं. तिने माझ्यावर उपकार केले असं म्हटलेलं तिला खपलं नसतं. पण केले, आणि ते मी इथे म्हणून घेते.

मडम गेली. डॉक्टरांची दृष्टी हळूहळू मंद होत गेली, तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला आणि माझ्या वडिलांच्याच गावाजवळ समुद्राकाठी त्या वाडीतलं एक घर भाड्याने घेतलं. वडील बरोबर आले. मी तोवर तिथून दोन मैलांवर, आतल्या गावात दिली गेले होते. नवरा मुंबईत गोदीत कामाला, महिन्यातून दोनदा लाँचने रेवसला उतरायचा. घरात मी आणि सासूबाई.

एक दिवस वडील निरोप घेऊन आले. डॉक्टरांच्या तीस वर्षांच्या टिपणांचं इंग्रजी करायचं होतं. इथल्या डॉक्टरांना जर्मन येत नाही आणि वह्या तशाच राहिल्या तर त्यांच्याबरोबरच जातील, असं त्यांचं म्हणणं. मी सासूबाईंकडे पाहिलं. लिहिण्याला त्यांची ना नव्हती. ट्रंकेत काय आहे ते कळल्यावर मात्र त्यांनी पदर खोचला.

"जा, लिव. पन मेल्याची हाडं शिवून घरात यायचं न्हाय. आधी हिरीवर न्हायचं, मंग चुलीकडं."

झालं. रोज दुपारी मी परत आले की परसातल्या विहिरीवर नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ करायची, मग आत पाऊल. थंडीच्या दिवसांत दात वाजत. मी तोंडाने एक शब्द काढत नसे. मनात पुष्कळ काढत असे, आणि ते जर्मनमध्ये असल्यामुळे कोणाचा अपमान होत नसे.

काम मात्र मला आवडलं. डॉक्टर पडवीत आरामखुर्चीत बसत. मी टिपण मोठ्याने वाचायचं, शब्द आला की थांबायचं. जर्मनमध्ये खुब्याच्या खोबणीला तव्याचंच नाव आहे, आणि मांडीच्या हाडाला डोकं आणि मान आहे. हे मी आचाऱ्याची मुलगी चटकन शिकले. इंग्रजीत त्याला काय म्हणायचं यावर आमचे वाद होत. मी कोशातला भारी शब्द पुढे करी. ते म्हणत, "हातात घे, मग बोल." हातात घेतल्यावर भारी शब्द बहुधा गळून पडे. तळवा, घोटा, नडगी, गुडघा असं करत करत पहिल्या दोन वर्षांत आम्ही पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत आलो. सगळं शाईत.

खुब्याचा भाग सुरू झाला आणि मला दिवस गेले.

पाचव्या महिन्यात सासूबाईंनी सांगितलं, "आता न्हाऊन भागायचं न्हाय. पोटुशी बाईनं असली हाडं शिवू नयेत. आन् पोर अंगावर पितं तवर न्हायच." मी त्यांच्या गळ्याची शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. विहिरीवरची आंघोळ सुटली आणि दोष शास्त्राच्या माथी. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चाचपडत दौतीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग शाई नाही."

अशा रीतीने तान्ह्या मुलांच्या खुब्याचं सगळं प्रकरण मी पेन्सिलने लिहिलं. हाताला हाड लागलं नाही, म्हणून कोशाला मोकळं रान मिळालं. खोबण उथळ असली की मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यातून निसटतो. ते कशावरून ओळखायचं. आणि गोळा आत राहावा म्हणून दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड उशी बांधून, गुडघे दुमडून मांड्या फाकवलेल्या ठेवायच्या. त्या बसवण्याच्या तऱ्हेला तिकडे एकच शब्द होता. मी त्याचे इंग्रजीत चार शब्द केले, चारही लांबलचक, आणि मला माझा फार अभिमान वाटला.

मुलगी झाली. बाळंतपण सासरीच झालं. सासूबाई रोज तिला पायांवर घेऊन तेल चोळून न्हाऊ घालत, धुरी देत, आणि मग दुपट्यात घट्ट बांधत. दोन्ही पाय सरळ, गुडघ्याला गुडघा लावून. "पाय असं बांधलं न्हाय तर पोर फेंगडी होते," त्या म्हणत, "मुलीची जात, चाल सरळ पायजे." बांधण्यात त्यांचा हात असा बसलेला की मूल केवड्याच्या कणसासारखं दिसे, वर फक्त तोंड. ती बांधली की शांत झोपायची. मी पाहायची आणि सासूबाईंना मनातल्या मनात दुवा द्यायची.

चार महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन पुन्हा कामाला जाऊ लागले. डॉक्टरांच्या पडवीत वडिलांनी झोळी टांगून दिली होती. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "पेन्सिलीची पानं वाचून दाखव. शाई नंतर, पण ऐकून तरी घेऊ."

मुलगी ओली झाली होती. मी तिला सतरंजीवर आडवी घेतली, वही शेजारी उघडी ठेवली आणि लंगोट बदलता बदलता वाचू लागले. मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसतात. गुडघे दुमडून पाय जमिनीवर टेकवले तर एक गुडघा खाली राहतो. एक पाय बाहेरच्या अंगाला पुरता उघडत नाही.

माझा डावा हात तिचा डावा पाय बाहेरच्या अंगाला उघडत होता. तो उघडत नव्हता.

तो रोजच उघडत नव्हता. रोज मी तो जरासा ओढून खालून लंगोट सरकवत होते आणि म्हणत होते, काय बाई हट्टी. मी वळ्या पाहिल्या. उजवीकडे दोन, डावीकडे तीन. गुडघे दुमडून पाहिले. डावा खाली. तिन्ही वाक्यं माझ्या अक्षरात, माझ्या शेजारी, आणि मूल माझ्या हाताखाली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इतका काळा असेल असं वाटलं नव्हतं.

"पुढे वाच," डॉक्टर म्हणाले.

"नाही उघडत," मी म्हटलं. मराठीत म्हटलं. कामाच्या वेळी त्यांच्याशी मी कधी मराठी बोलले नव्हते. ते उठले, चाचपडत मोरीकडे गेले, हात धुऊन, एकमेकांवर चोळून ऊन केले आणि खाली बसले. डोळे छपराकडे, बोटं मुलीच्या खुब्यावर. दोन्ही पाय किती वेळ उघडून मिटून पाहिले कोणास ठाऊक. ती त्यांच्याकडे बघून हसत होती.

"डावा गोळा खोबणीच्या काठावर आहे," ते शेवटी म्हणाले. "पुरता बाहेर नाही, आत बसलेलाही नाही. आता तो आत धरून ठेवला तर खोबण त्याच्याभोवती खोल होईल. मूल लहान आहे, हाड अजून मऊ आहे. नाही धरला, तर ती जन्मभर लंगडेल."

ते दोन मैल मी कशी आले ते आठवत नाही. घरात शिरले आणि सासूबाईंवर तुटून पडले. तुम्ही बांधलंत, तुमच्या सरळ चालीपायी माझी पोर लंगडी करून ठेवलीत, असं आणि याहून वाईट. त्यांनी मुलगी माझ्याकडून घेतली, दुपटं सोडलं, त्याची घडी केली आणि फळीवर ठेवून दिली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. माझ्या बोलण्यात थोडं खरं होतं. पण माझ्याच हातच्या पेन्सिलीच्या पानांचं मी सांगितलं नाही, आणि तेही तितकंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरून आले तर घरात दोघी नाहीत. धावत वाडीत गेले. सासूबाई डॉक्टरांच्या पडवीत उभ्या होत्या, मुलगी कडेवर. ज्या घरात ट्रंक आहे त्या घराचा उंबरठा त्यांनी आजवर ओलांडला नव्हता. मला पाहून त्या म्हणाल्या, "सांग सायबाला. बांधलं ते मी बांधलं. आता काय करायचं ते मला सांगू दे. मी करीन."

मी सांगितलं. डॉक्टर पुढे आले, तपासायला म्हणून हात पुढे केले, आणि त्यांची बोटं मुलीच्या मांडीवरून पुढे सरकत सासूबाईंच्या कमरेला लागली. दचकून त्यांनी हात मागे घेतला. मग मला विचारून, परवानगी मागून, पुन्हा लावला. एक मांडी पोटाकडून, दुसरी पाठीकडून, गुडघे वर दुमडलेले, मध्ये बाईची कंबर.

"हे काय आहे?"

"कडेवर घेतलंय," मी म्हटलं.

"इथे सगळ्या बायका मुलं अशीच घेतात?"

"सगळ्या. दुसरं कसं घेणार?"

ते हसायला लागले. मडम गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. सासूबाई घाबरल्या, सायबाला काय झालं म्हणून. मी त्यांना सांगणार तरी काय? जी उशी मी चार लांबलचक शब्दांत बसवली होती, ती आमच्या दर घरात दोन पायांवर चालत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या बाबतीत तर गावाला नव्हे, जर्मनीला.

डॉक्टर मग गंभीर झाले. म्हणाले, "त्यांना नीट सांग. काही मुलांचा हा सांधा जन्मतःच सैल असतो. पाय सरळ बांधल्याने तो बिघडतो, पण बांधलं ते मायेनं, आणि वेळेत सुटलं." माझ्याकडे तोंड करून पुढे म्हणाले, "तू हाड न बघता लिहिलंस. आणि मी लिहू दिलं. तेही सांग." मी तेही सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही म्हटलं नाही. त्या गप्प राहण्याबद्दल मी आजही त्यांच्या पाया पडते.

नवरा आल्यावर मुंबईला जाऊन खुब्याचा एक्स-रे फोटो काढला. बोटांनी सांगितलं होतं तेच त्यात निघालं. मग सुरू झालं ते नऊ महिन्यांचं काम. रात्रीसाठी उशी हवी होती. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची शिवली, आत शेवरीचा कापूस भरला. डॉक्टरांनी हाताने चाचपून दोनदा नापास केली, तिसऱ्यांदा पास झाली. आणि दिवसा कड. मुलगी जमिनीवर ठेवायची नाही, पायांवर उभी करायची नाही, सरळ पाय आडवी तर नाहीच. जागी असेल तेवढा वेळ कोणाच्या ना कोणाच्या कमरेवर.

तोंडाने म्हणायला सोपं आहे. भाताची लावणी आली तेव्हा आम्हा दोघींचे हात चिखलात. मग आळीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. सांगायलाही लागलं नाही. एकीची कंबर भरून आली की ती बांधावर येऊन हाक मारायची, "धर गो, माझी कड झाली," आणि दुसरी हात धुऊन पोर घ्यायची. काही जणी तिला कडेवर ठेवूनच एका हाताने लावत. लावणी झाली, तण काढायची बेणणी झाली, कापणी आली. मुलगी जड होत गेली, तक्रार कोणी केली नाही. त्या पाच-सहा जणींची नावं लिहीत नाही; कोणी त्यांचे आभार मानले असते तर "चल, काय तरीच" म्हणून त्यांनी हात झटकले असते. मी मानले नाहीत. आता मानते, बहुतेक जणी ऐकायला नाहीत तेव्हा.

नऊ महिने भरले तसे मी आणि नवरा मुलीला घेऊन पुन्हा मुंबईला गेलो. फोटो काढणाऱ्याने पाकीट हातात दिलं. मी ते उघडलं नाही. लाँचवर पाणी उडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून बसले. रेवसला उतरून नवरा घरी भाताचं बघायला गेला, आणि मी सरळ वाडीत. सासूबाई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या आणि मुलगी आपल्या कडेवर घेतली.

डॉक्टरांनी फोटो खिडकीसमोर धरला. बराच वेळ धरला. मग खाली घेतला. "मला धूर दिसतो," ते म्हणाले. "तू सांग."

"मी काय सांगणार? मी डॉक्टर आहे का?"

"दोन वर्षं तू पायाचं प्रत्येक हाड हाताळलं आहेस. हे एक राहिलं. आधी ते हातात घे."

वडिलांनी ट्रंक उघडली. माझे हात पुढे होईनात. मुलगी अजून अंगावर पीत होती आणि शपथ सासूबाईंच्या गळ्याची होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग मुलीला माझ्या वडिलांच्या कडेवर दिलं, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आण हिकडं. मला दे."

एका हातात खुब्याचं हाड, दुसऱ्यात मांडीचं. डॉक्टर त्यांच्यासमोर बसले आणि आपल्या हातांनी त्यांचे हात फिरवले. गोळा काठावर आला तो असा. आत बसला तो असा. पुन्हा काठावर, पुन्हा आत. तिसऱ्यांदा त्यांनी डॉक्टरांचे हात बाजूला सारून स्वतःच केलं. आत बसला की होणारा तो बारीक आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

मग मी फोटो खिडकीला लावला. एकदा त्यांच्या हातांकडे, एकदा काचेकडे. डॉक्टरांना एकेक सांगत गेले, त्यांच्याच भाषेत. उजवा गोळा खोबणीत आहे. वर हाडाचं छप्पर आलं आहे. डावा गोळा. डावा गोळा खोबणीत आहे.

"छप्पर?"

"आहे. उजव्यापेक्षा जरा आखूड."

"किती?"

"नखभर."

"नखभर ती स्वतः वाढवेल," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "सोडा तिला खाली. चालू दे."

"काय म्हनला गो?" सासूबाईंनी विचारलं.

मला तीन भाषा येतात. त्या वेळी एकही आली नाही. मी त्यांच्यासमोर बसले, त्यांचे हात हाडांसकट माझ्या हातांत घेतले आणि गोळा खोबणीत दाबला.

"असं?"

"असं."

त्या तिथेच, हाडं ओटीत घेऊन, मोठ्याने रडल्या. मीही रडले. आम्ही एकमेकींना कधी मिठी मारली नव्हती, त्या दिवशीही नाही मारली, पण माझे हात त्यांनी सोडले नाहीत. डॉक्टरांनी नाक शिंकरलं आणि शाई मागितली. मी माझे ते चार शब्द खोडून टाकले आणि त्या जागी साध्या इंग्रजीत लिहिलं: जसं या किनाऱ्यावरच्या बायका मूल कडेवर घेतात तसं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सवयीने माझे पाय विहिरीकडे वळले. मी पोहरा सोडला, भरून वर काढला आणि म्हटलं, "आये, आधी तुम्ही न्हा." त्यांनी मुलीला विहिरीच्या ओट्यावर उभी केली होती. ती त्यांच्या लुगड्याचा काठ धरून क्षणभर उभी राहिली, मग काठ सोडला, दोन पावलं टाकली, आणि बदकन बसली.

सासूबाईंनी पोहरा माझ्या हातातून घेतला आणि ते पाणी मुलीच्या पायांवर ओतलं.

"कशाला न्हायचं?" त्या म्हणाल्या. "आपल्या पोरीचीच हाडं ती. चल आत, भाकरी टाकायच्या हायत."